ज्याचं दुखणं, त्याला त्याचं नाव घेता यावं

प्रति,
मराठीत वैद्यकीय आणि शैक्षणिक परिभाषा ठरवणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य,

विषय : बोलण्या-वाचण्याच्या अडचणींना दिलेली नावं

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात, नौपाड्यात, गेली २२ वर्षं वाचा-उपचाराचं काम करते. लोक स्पीच थेरपिस्ट म्हणतात, मुलं ताई म्हणतात. तळमजल्यावरची दीड खोली, भिंतीवर एक मोठा आरसा, चित्रांची कार्डं आणि दाराबाहेर चपलांची गर्दी, एवढाच माझा पसारा. या खोलीत बोलताना अडखळणारी माणसं येतात, 'र' न येणारी मुलं येतात, अक्षरं लागत नाहीत म्हणून शाळेने पाठवलेली मुलं येतात, आणि पॅरालिसिसच्या अटॅकनंतर शब्द हरवलेली वयस्क माणसं मुलाचा किंवा सुनेचा हात धरून येतात. तुम्ही ज्या अवस्थांना नावं देता, त्या अवस्थांची माणसं रोज माझ्यासमोर बसलेली असतात. त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. त्यांच्याजवळ बसून जे ऐकलं, तेवढं सांगते.

गेल्या जूनमध्ये कळव्याहून एक चौथीतला मुलगा आईबरोबर आला. आईच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात नवं कोरं प्रमाणपत्र. परीक्षेत मुलाला जादा वेळ मिळावा म्हणून आठ महिने खेटे घालून तिने ते मिळवलं होतं. आम्ही दोघी बोलत होतो तेवढ्यात त्याने फोल्डर स्वतःकडे ओढलं, आपल्या नावाखालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागला. "वि... शि..." इथे थांबला. मग "विशिट". 'अध्ययन'चं 'अधयन' झालं. 'अक्षमता'तला क्ष त्याने सोडूनच दिला. मान वर करून त्याने मला विचारलं, "ताई, हे माझ्याबद्दलच लिहिलंय ना?"

विशिष्ट अध्ययन अक्षमता. हे तीन शब्द एकदा त्याच्या डोळ्यांनी बघा. तिन्ही शब्दांत एकेक जोडाक्षर आहे : ष्ट, ध्य, क्ष. पहिल्याच शब्दात श आणि ष शेजारी शेजारी आहेत. मराठी बोलताना आपण त्यांत फारसा फरक करत नाही, त्यामुळे कानाची मदत होत नाही. ते पाठच असावं लागतं. 'ध' आणि 'घ' यांच्यात फरक आहे तो वरच्या रेघेतल्या एका फटीचा. ज्या मुलाची अडचणच मुळी अक्षर आणि आवाज यांची जोडी लवकर न जमण्याची आहे, त्याच्या कपाळावर आपण ही ओळ लिहिली आहे. याला पर्याय म्हणून जो इंग्रजी शब्द आपण वापरतो, तो 'डिस्लेक्सिया'. त्यात पुन्हा स्ले आणि क्सि. त्याची भावंडं आणखी अवघड : 'डिस्ग्राफिया'त स, ग आणि र एकमेकांच्या मानेवर बसलेले, आकडेमोडीच्या अडचणीला म्हणतात त्या 'डिस्कॅल्क्युलिया'त ल, क आणि य. लिहिता न येणाऱ्या मुलाला 'डिस्ग्राफिया' लिहायला सांगून बघा. मी एकदा सांगितलं होतं, माझ्या उमेदीच्या काळात, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

ही नावं आली कुठून, ते मी शोधून वाचलं. १८७७ मध्ये जर्मनीतल्या कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी या अवस्थेला 'शब्दांधत्व' म्हटलं होतं. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, रुडॉल्फ बर्लिन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ग्रीक शब्द जोडून 'डिस्लेक्सिया' हे नाव दिलं. 'डिस' म्हणजे कठीण, 'लेक्सिस' म्हणजे शब्द. त्यांच्यासमोर जे रुग्ण होते, ती सगळी मोठी माणसं होती, आयुष्यभर नीट वाचत आलेली आणि मेंदूच्या आजाराने वाचन गेलेली. म्हणजे ज्या लहान मुलांना आज आपण हे नाव देतो, त्यांच्यासाठी ते बनवलंच नव्हतं. मुलांकडे लक्ष गेलं ते नंतर. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं. मुलगा हुशार. त्याचे मास्तर म्हणायचे, सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत पहिला आला असता. त्याचं नाव पर्सी. लिहायला सांगितलं की तो 'प्रेसी' लिहायचा, आणि दोनदा दाखवून दिल्याशिवाय चूक त्याच्या लक्षात यायची नाही. स्वतःचं नाव जिथे निसटतं, तिथे आपण त्याला वर आणखी एक नाव देतो आहोत, हे त्या वेळी कुणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही. आज आपल्या मनात यायला हवं.

आता बोलण्याकडे येते, कारण माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं आहे.

'तोतरा' हा शब्द सावकाश उच्चारून बघा. त्यात त दोनदा येतो. 'बोबडा'त ब दोनदा. 'त त प प होणं' हा तर सरळ नक्कलच करणारा वाक्प्रचार. आपणच असं केलंय असंही नाही. इंग्रजीतला 'स्टटर' आणि जर्मनमधला 'श्टोटर्न' कानाला तसेच लागतात, लॅटिनमधला 'बाल्बुस' तर त्याच घडणीचा. ज्यांची भाषा कळत नव्हती त्यांना ग्रीक लोक 'बारबारोस' म्हणायचे, तोही 'बर बर' अशा ऐकू येण्यावरून आलेला. हे सगळे शब्द ऐकणाऱ्यांनी बनवले आहेत. समोरच्याचं बोलणं कानाला कसं लागलं, याची ती नोंद आहे. बोलणाऱ्याच्या छातीत त्या वेळी काय होतं, ओठ कसे मिटून बसतात, हवा कशी अडते, यातलं काही त्या शब्दांत नाही. आणि ऐकणाऱ्यांनी शब्द बनवताना नेमके तेच आवाज निवडले, जे बोलणाऱ्याला सगळ्यांत जड जातात. शब्दाच्या सुरुवातीचे त, प, क, ब, ट हे आवाज. जीभ किंवा ओठ पूर्ण मिटून मग सुटावे लागतात असे. तिथेच गाडी अडते.

दर शंभर माणसांमागे साधारण एक माणूस असा अडखळतो, असं जगभरचे अभ्यास सांगतात. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर होती. आपल्या एकट्या ठाण्यातच ही माणसं १५-१८ हजारांच्या घरात असली पाहिजेत. तलावपाळीवर संध्याकाळी फिरताना तुमच्या शेजारून ती जात असतील, आणि तुम्हाला ती ओळखू येणार नाहीत, कारण बहुतेकांनी एक कला आत्मसात केलेली असते : शब्द बदलण्याची. 'पाणी' अडणार असं वाटलं की 'जरा प्यायला द्या' म्हणायचं. माझ्याकडे येणारा एक तरुण 'कुठे राहतोस' या प्रश्नाला वर्षानुवर्षं "मुलुंडच्या पुढे" असं उत्तर देत आला आहे. 'ठाणे' त्याच्या तोंडून निघत नाही. 'ठ' अडतो. तिकिटाच्या खिडकीवर रांगेत मागे माणसं असली, तर तो कधीकधी मुलुंडचं तिकीट मागायचा आणि तिथे उतरून पुढचं तिकीट काढायचा. मोबाईलवर तिकीट निघायला लागलं, तेव्हा त्याने मला फोन करून सांगितलं. त्या दिवशी तो फोनवर अडला नाही.

पण काही शब्द बदलता येत नाहीत. स्वतःचं नाव बदलता येत नाही. म्हणून अडखळणाऱ्या बहुतेकांना सगळ्यांत अवघड जातं ते स्वतःचं नाव. आणि दुसरं बदलता न येणारं नाव म्हणजे आपल्याला जे होतं त्याचं. या एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला घेतलं, असं म्हटलं तरी चालेल.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचं लग्न झालं. घोडबंदर रोडवरच्या हॉलमध्ये. लग्नाच्या दोन महिने आधीपासून तिला एकच धास्ती होती, नाव घ्यायची. पन्नास बायका भोवती, माईक पुढे केलेला, आणि नवऱ्याचं नाव नेमकं 'प'ने सुरू होणारं. मी तिला सांगत होते की उखाण्यात तू अडणार नाहीस. लयीत बोलताना, गाताना, चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळणारी माणसं सहसा अडत नाहीत. म्हणूनच गणपतीच्या आरतीत सगळ्यांत खणखणीत आवाज एखाद्या अडखळणाऱ्या मुलाचा असू शकतो. तिला ते पटत नव्हतं. लग्नाच्या दिवशी तिने उखाणा घेतला, एका दमात, टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होते, माझे डोळे भरून आले.

मग जेवणाच्या पंगतीत तिच्या सासूबाईंनी, अगदी मायेने, तिला विचारलं, "अगं, एवढं छान नाव घेतलंस की! मग तुला नेमकं होतं तरी काय?" आणि तिला उत्तर देता येईना. कारण उत्तराचा शब्द होता 'तोतरेपणा', आणि तो 'तो'वर अडला. ती अडली ते सगळ्यांनी पाहिलं. सासूबाईंना वाटलं, आपण नको ते विचारलं. तिला वाटलं, झाकलेलं उघडं पडलं. खरं तर लपवण्यासारखं काहीच नव्हतं. तिच्या हातात एक साधा शब्द असता, तिला उच्चारता येण्याजोगा, तर तिने हसून सांगितलं असतं आणि बाई पुढचा घास घ्यायला मोकळ्या झाल्या असत्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघींनी बसून शब्द शोधला. "मी अडते." एवढंच. 'म'ला ओठ नुसते टेकतात, आवाज नाकातून वाहता राहतो, त्यामुळे सुरुवात अलगद होते. पुढे स्वर. कुठे आपटायला जागा नाही. आता माझ्याकडे येणारे बरेच जण हेच वाक्य वापरतात. "मी अडतो, जरा थांबा." दुकानात, मुलाखतीत, बँकेत. हे वाक्य आधी बोलून टाकलं की पुढचं अडणंही कमी होतं, हा माझ्या २२ वर्षांचा अनुभव आहे. लपवायचा ताण उतरतो. पण प्रमाणपत्रावर, फाईलवर, शाळेच्या रजिस्टरात या वाक्याला स्थान नाही. तिथे 'वाक्-प्रवाह दोष' असतं, किंवा 'तोतरेपणा'.

'र' न येणाऱ्या मुलांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो. 'र' हा उशिरा येणारा आवाज आहे, जीभ टाळूपाशी थरथरावी लागते. तो न येण्याला शास्त्रात 'रोटॅसिझम' म्हणतात, ग्रीक 'र'च्या नावावरून. 'स' न येण्याला 'सिग्मॅटिझम', ग्रीक 'स'वरून. इंग्रजीतला रोजचा शब्द 'लिस्प', त्यातही स आहेच. जो आवाज येत नाही, तोच नावात घालून ठेवलेला. मराठीत आपण 'उच्चारदोष' म्हणतो, आणि ते मूल सांगतं, "मला उच्चालदोष आहे." मोठी माणसं यावर हसतात. मूल हसत नाही, हे मी आरशात पाहिलेलं आहे, कारण माझ्या खोलीत आम्ही दोघंही आरशाकडे तोंड करून बसतो.

लांब शब्दांच्या भीतीला कुणीतरी मुद्दाम 'हिप्पो' आणि 'मॉन्स्टर' जोडून ३६ इंग्रजी अक्षरांचं नाव बनवलं आहे. ते फोनवरून फिरत असतं. एका कॉलेजातल्या मुलीला तिच्या वाढदिवसाला मैत्रिणींनी ते मोठ्याने म्हणायला लावलं होतं. ती अडखळते हे त्यांना माहीत होतं. याबद्दल यापेक्षा जास्त लिहावंसं मला वाटत नाही.

शब्द हरवलेल्या माणसांबद्दल मात्र लिहायला हवं. कोपरीला एसटीचे एक निवृत्त कंडक्टर राहतात. पाच वर्षांपूर्वी त्यांना अटॅक आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. उरला एकच शब्द : "चला." चहा हवा असला तर "चला", नको असला तर "चला", नातू जवळ आला की वेगळ्याच सुरात "चला, चला". समोरचा काय बोलतो ते त्यांना जवळपास सगळं कळतं. घरच्यांना डॉक्टरांनी सांगितलं, हा 'अफेजिया' आहे, मराठीत 'वाचाघात'. आजोबा समोरच होते. 'वाचाघात' ऐकल्यावर त्यांनी डाव्या हाताने छाती बडवली. मराठी माणसाच्या कानाला 'घात' म्हणजे काय वाटतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. घात होतो, घात करतात. कुणीतरी दगा दिला असं वाटतं. आणि गावाकडचे पाहुणे आले की म्हणायचे, "वाचा गेली बिचाऱ्यांची." तेही खरं नाही. वाचा आत आहे, शब्दापर्यंत जायची वाट मोडली आहे. 'गेली' म्हटलं की घरचे बोलायचंच थांबतात, आणि बोलणं थांबलं की माणूस खरोखर मिटत जातो.

या आजोबांकडे बघून मला नेहमी पॅरिसमधला एक माणूस आठवतो. लेबोर्न त्याचं नाव. तिशीत त्याचं बोलणं गेलं आणि तो २१ वर्षं बिसेत्र रुग्णालयात होता. त्याला जवळजवळ एकच आवाज काढता यायचा, 'तान'. तोच तो दोनदा म्हणायचा, हातवारे करत, सूर बदलत. रुग्णालयात सगळे त्याला 'तान' म्हणूनच हाक मारायचे. १८६१ मध्ये पॉल ब्रोका यांनी त्याला तपासलं. काही दिवसांतच तो वारला, आणि त्याच्या मेंदूवरून ब्रोकांनी बोलण्याचं ठिकाण दाखवून दिलं. ब्रोकांनी त्या अवस्थेला 'अफेमी' म्हटलं. तीन वर्षांनी, १८६४ मध्ये, त्रूसो या दुसऱ्या डॉक्टरांनी ते नाव मोडीत काढून 'अफेजिया' आणलं, आणि तेच टिकलं. ग्रीक कुठलं शुद्ध, यावर विद्वानांची चर्चा झाली. या सगळ्या नावांत त्या माणसाला स्वतःला घेता आलं असतं असं एकच होतं, वॉर्डात पडलेलं. ते चिडवण्यासाठी होतं की आपुलकीने, मला माहीत नाही. पण त्याने 'तान' म्हटलं तर तो स्वतःचं नाव सांगत असे, एवढं खरं.

कोपरीच्या आजोबांच्या खिशात आता एक कार्ड असतं. मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : "मला समजतं. शब्द सापडत नाहीत. थांबा." हे लिहिताना मी त्यांना चार-पाच पर्याय दाखवले होते. 'वाचाघात' असलेला त्यांनी दूर सारला. 'शब्द सापडत नाहीत' यावर बोट ठेवून म्हणाले, "चला." त्या सुरात मला होकार ऐकू आला.

तुमची अडचण मला कळते. कायद्याला, विम्याला, संशोधनाला नेमका शब्द लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. वाचन-लेखनाच्या अडचणींना त्यात पहिल्यांदा जागा मिळाली, आणि त्या शब्दांमुळेच कळव्याच्या मुलाला परीक्षेत जादा वेळ मिळतो. ते शब्द काढून टाका असं मी म्हणत नाही. तुम्ही असंही म्हणाल, आणि बरोबर म्हणाल, की सोपे शब्द बोचरे होतात. 'मुका', 'बहिरा', 'खुळा', 'तोतरा' हे सगळे सोपेच होते. म्हणून तर आपण संस्कृताकडे गेलो. पण संस्कृताने तरी कुठे वाचवलं? 'मतिमंद' हा शब्द सभ्य म्हणूनच आला होता ना? आज तो शाळेच्या मैदानात शिवी म्हणून वापरला जातो आणि आपण 'बौद्धिक अक्षमता'कडे सरकलो. अवघड शब्दाने अपमान टळत नाही. फक्त ज्याचा अपमान होतो, त्याला तो शब्द वाचता येत नाही.

ठाणेकरांना हे जरा जास्त कळावं. आमच्या शहरात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, आणि महाराष्ट्रात कुणी विक्षिप्त वागलं की 'याला ठाण्याला पाठवा' असं म्हणायची पद्धत पडली. पुणेकरांच्या वाट्याला तसंच 'येरवडा' आलं. माझ्या माहेरी, कोल्हापूरकडे, लग्नानंतर मी ठाण्याला जाणार म्हटल्यावर एक काका हेच म्हणाले होते. एका गावाचं साधं नाव आजाराचं नाव कसं होतं, आणि ते किती वर्षं पुसलं जात नाही, हे आम्ही राहून पाहिलं आहे.

तरी नावं बदलतात, आणि पत्र लिहूनही बदलतात, म्हणून मला उमेद आहे. १८६६ मध्ये लँग्डन डाउन या डॉक्टरांनी मुलांमधल्या एका अवस्थेला, जिला आज आपण 'डाउन सिंड्रोम' म्हणतो, मंगोल लोकांवरून नाव दिलं. पुढे जवळजवळ शंभर वर्षं ती मुलं त्याच नावाने ओळखली गेली. १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मिळून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, की हे नाव सोडा. सही करणाऱ्यांत डाउन यांचा नातूही होता. १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडे मागणी केली, आणि ते नाव मागे पडलं. जपानमध्ये स्किझोफ्रेनियाला जे नाव होतं, त्याचा अर्थ 'मन दुभंगण्याचा आजार' असा होता. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने ते बदलायची मागणी केली, आणि २००२ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांनी नवं नाव स्वीकारलं. त्यानंतर डॉक्टर रुग्णाला त्याचा आजार पूर्वीपेक्षा कितीतरी मोकळेपणाने सांगू लागले. आपण मराठीत अजून 'छिन्नमनस्कता' म्हणतो. छिन्न.

आणि मराठीला हे जमत नाही असं तर मुळीच नाही. पहिलीच्या वर्गात जाऊन बसा. 'पोटफोड्या ष', 'बाणातला ण', 'नळातला न'. ही नावं कुठल्या समितीने केली? कुठल्यातरी मास्तरांनी, बाईंनी, समोरचं मूल कुठे अडतं ते बघून केली, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. त्याच वर्गातले आपले विद्वानांचे शब्द बघा. 'जोडाक्षर' या शब्दात जोडाक्षर आहे. 'ऱ्हस्व' हा शब्द ऱ्हस्व-दीर्घ शिकणाऱ्या मुलाला लिहिता येत नाही. 'शुद्धलेखन' तर मोठी माणसंही 'शुध्दलेखन' असं लिहितात, दुकानांच्या पाट्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत 'शुध्द'च दिसतं.

कळव्याच्या मुलासाठी मी एक शब्द कागदावर लिहून बघितला : वाचन अडचण. दोन्ही शब्दांत मिळून एक काना, बाकी काही नाही. जोडाक्षर नाही, वेलांटी नाही, उकार नाही. त्याने तो वाचला, पहिल्या खेपेला. मग लिहिला. 'वाचन अडचन' असा लिहिला. मी म्हटलं, "बाणातला." त्याने 'न' खोडून 'ण' केला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. हाच शब्द तुम्ही घ्यावा असा माझा आग्रह नाही. मी भाषातज्ज्ञ नाही. कदाचित मुलं याहून चांगला सुचवतील.

माझी मागणी एवढीच आहे. असा कुठलाही शब्द कोशात, शासनाच्या पत्रकात किंवा प्रमाणपत्रावर जाण्याआधी तो ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या, वाचवून घ्या, लिहवून घ्या. अडखळणाऱ्याला फोनवर तो सांगता येतो का बघा, कारण फोनवरच सगळ्यांत जास्त अडतं. चौथीतल्या मुलाला तो मदतीशिवाय वाचता येतो का बघा. अटॅक येऊन गेलेल्या माणसासमोर तो उच्चारा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा. जिथे कायद्याचा शब्द ठेवणं भागच आहे, तिथे त्याच्या खाली, जरा मोठ्या टाइपात, दुसरा शब्द छापा, जो त्या माणसाचा स्वतःचा असेल. बहिऱ्या माणसांनी आपल्या खुणांच्या भाषेत स्वतःसाठी खूण केलेलीच आहे, त्यांच्या हातांना येणारी. बाकीच्यांनाही तेवढं मिळावं.

तुमच्यापैकी कुणाला वेळ असेल तर माझ्या खोलीवर यावं. मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सात या वेळात मुलं असतात, शनिवारी सकाळी मोठी माणसं. गोखले रोडवरून आत वळलं की पाच मिनिटं चालावं लागतं. येताना तुमची नवी यादी घेऊन या. कळव्याचा मुलगा मंगळवारी येतो. त्याला मी विचारलं आहे, तो वाचून दाखवायला तयार आहे. कोपरीचे आजोबा शनिवारी असतात.

आपली नम्र,
नौपाड्यातील एक वाचा-उपचारक
ठाणे (पश्चिम)